नाव गेलं, काडतूस राहिलं

ग्राउंडहॉग आपल्याला ठाऊक असतो तो फेब्रुवारीतल्या ‘ग्राउंडहॉग डे’मुळे. इथल्या शेतकऱ्याला मात्र तो कुरणात बिळं खोदणारा उपद्रवी प्राणी. असे प्राणी लांबून टिपण्याच्या बंदुकीला ‘व्हर्मिंट रायफल’ म्हणतात. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये लेथवर तशी एक तयार होताना पाहिली आणि मी तिचा इतिहास वाचायला घेतला.

१९३५ साली विंचेस्टर कंपनीने ‘.२२० स्विफ्ट’ हे काडतूस आणलं. गोळीचा वेग सेकंदाला ४,००० फुटांहून जास्त! पण नळी लवकर झिजते, ही तक्रार त्याला कायमची चिकटली. १९३७ मध्ये वॉट्किन्स, गेबी आणि स्मिथ या तिघांनी वेगळी वाट धरली. ‘.२५०-३००० सॅव्हेज’ या जुन्या काडतुसाची मान आवळून त्यात .२२ ची बारीक गोळी बसवली. अशा कामात चाचणी म्हणजे दारूचं माप बदलायचं, पुन्हा झाडायचं, कागदावरची भोकं मोजायची. १०० यार्डांवरची एका इंचाची चूक ३०० यार्डांवर तीन इंच होते ना!

गेबीने ‘व्हर्मिंटर’ हे नाव कायद्याने राखून ठेवलं. झालं उलटंच. इतर कारागीर तेच काडतूस ‘.२२-२५०’ म्हणून बनवू लागले. तब्बल २८ वर्षं ते अशा हौशी लोकांनी जगवलं. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं, तेही याच आकड्याने.

आजोबांच्या नळीवरही तोच आकडा कोरलेला आहे. गेबीचं नाव मात्र मला पुस्तकात शोधावं लागलं.