मुशी, पाकट आणि सासरेबुवांचे गणित

दिवाळसणाला जावयाने सासऱ्यांपाशी काय मागावे, याला आपल्याकडे धरबंद नाही. उंबेर्तो द'अंकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने मात्र आपले सासरे, रोमचे नामांकित गणिती वीतो व्होल्तेरा, यांच्याकडे एका कोड्याचे उत्तर मागितले.

कोडे मासळीबाजारातले होते. एड्रियाटिक समुद्राकाठच्या बंदरांतील जुन्या नोंदी द'अंकोनाने चाळल्या. फ्यूमे, म्हणजे आजचे क्रोएशियातील रियेका, तेथील बाजारात मुशी-पाकटांसारख्या भक्षक माशांचा वाटा 1914 साली शेकडा 12 होता. 1918 साली तो 36 वर गेला आणि 1923 साली पुन्हा 11 वर आला. मधल्या काळात महायुद्ध. मासेमारी पार मंदावलेली. जाळी वाळत पडल्यावर सगळ्याच माशांनी सुखाने वाढावे. मग वाटा वाढला तो खाणाऱ्यांचाच का?

व्होल्तेरांनी 1926 साली दोन समीकरणे मांडली. बीजगणिताला भिणाऱ्यांनी पान उलटू नये. मतलब साधा आहे. भक्ष्य आपल्या वेगाने वाढते आणि भक्षकाशी जितक्या गाठी पडतील तितके घटते. भक्षक त्याच गाठींवर पोसतो, त्या न पडल्या तर उपासाने मरतो. म्हणून दोघांची संख्या रहाटाच्या पोहऱ्यांसारखी मागेपुढे वरखाली होत राहते. खरी खुबी सरासरीत आहे. भक्षकांची सरासरी ठरते भक्ष्याच्या वाढीच्या वेगावरून, आणि भक्ष्याची ठरते भक्षकाच्या मरणाच्या वेगावरून! कोळ्याचे जाळे पहिला वेग कमी करते, दुसरा वाढवते. म्हणजे बेताची मासेमारी लहान माशांच्या पथ्यावरच पडते. युद्धाने ती रोखली, तेव्हा फावले ते मुशींचे.

खऱ्या समुद्रात दोनच जाती नांदत नाहीत, हा आक्षेप रास्तच. शिवाय अशीच समीकरणे अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी आधी छापली होती. आज ती दोघांच्या जोडनावाने ओळखली जातात.

मला समीकरणांइतकाच त्यांचा कर्ता मोलाचा वाटतो. 1931 साली मुसोलिनीच्या सरकारने प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे 1,200 जणांपैकी नकार देणारे जेमतेम 12 निघाले, आणि त्यांत सत्तरी ओलांडलेले व्होल्तेरा होते. विद्यापीठातली जागा गेली. ते ज्यू, 1938 साली ज्यूविरोधी कायदेही आले. 1940 च्या ऑक्टोबरात ते रोममध्ये वारले, तेव्हा इटली पुन्हा युद्धात उतरून चार महिने झाले होते.