एका कार्ब्युरेटरची वहिवाट

ट्रायम्फ बॉनव्हिल ही जुनी इंग्लिश मोटारसायकल ज्यांच्या संग्रही आहे, त्यांपैकी कित्येक जण तिचे दोन कार्ब्युरेटर उतरवून त्यांच्या जागी एकच बसवितात, आणि जुन्या यंत्रांच्या शुद्धतेविषयी आग्रही असणारे रसिक या फेरफाराला विटंबना मानतात. या तक्रारीचा निवाडा करावयाचा तर त्या इंजिनाचे कूळ तपासले पाहिजे; ते तपासले असता एका कार्ब्युरेटरची वहिवाटच मूळची असून दोहोंचा अंमल मागाहून सुरू झाला, हे स्पष्ट होते.

एडवर्ड टर्नर यांनी रचलेली ४९८ घन सेंटिमीटरची ‘स्पीड ट्विन’ १९३७ साली कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या दोन सिलिंडरांत मिळून एकच ॲमल कार्ब्युरेटर होता. त्यात काटकसर होतीच. पण त्याहून महत्त्वाचे कारण इंजिनाच्या घडणीत होते. टर्नर यांच्या रचनेत दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, मात्र एक ज्या वेळी ताजे मिश्रण ओढून घेत असतो त्या वेळी दुसरा जळत्या वायूच्या दाबाखाली असतो. त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीत, आणि तेही अगदी सम अंतराने, आळीपाळीने एकेक सिलिंडर कार्ब्युरेटरकडे मागणी करतो. दोन सिलिंडर एकाच कार्ब्युरेटरने पोसावयास इतकी अनुकूल व्यवस्था क्वचितच आढळेल.

दुसरा कार्ब्युरेटर आला तो शर्यतीच्या ओढीने. १९४६ साली अर्नी लायन्स यांनी आइल ऑफ मॅन बेटावरील मँक्स ग्रां प्री शर्यत ट्रायम्फवर जिंकली, आणि त्या यशातून १९४८ मध्ये जे ‘ग्रां प्री’ मॉडेल निघाले त्याला दोन कार्ब्युरेटर होते. पुढे सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील यूटा प्रांतात, बॉनव्हिलच्या मिठागरी पठारावर, जॉनी ॲलन यांनी ट्रायम्फचे इंजिन जोडलेल्या वाहनातून ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने तो विक्रम नामंजूर केला, तरी त्या पठाराचे नाव कारखान्याने जपले, आणि १९५९ च्या हंगामासाठी काढलेल्या ६५० घन सेंटिमीटरच्या दोन-कार्ब्युरेटरी गाडीस ते बहाल केले.

पूर्ण वेगात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र श्वासमार्ग मिळाल्याने शक्ती वाढते, हे निर्विवाद आहे. परंतु रस्त्यावरचा बहुतेक प्रवास थ्रॉटल किंचित उघडा ठेवून होतो, आणि नेमक्या त्याच स्थितीत हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या दोन स्लाइडांच्या उंचीत केसभर तफावत पडली तरी एकूण उघडीपच अल्प असल्याने तिचे प्रमाण फार मोठे ठरते. एक केबल दुसरीपेक्षा थोडी अधिक ताणली गेली, अथवा जस्ताच्या मिश्रधातूची स्लाइड तशाच धातूच्या कवचात घासून झिजली आणि कडेने हवा शिरू लागली, की संथ चाल बिघडते आणि सिलिंडरांचा मेळ पुनःपुन्हा जुळवीत बसावे लागते. ज्याला शर्यत खेळावयाची नाही, त्याने हा उपद्रव का सोसावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

खुद्द कारखान्यानेही एका कार्ब्युरेटरची शाखा कधी बरखास्त केली नाही. बॉनव्हिलची भगिनी ‘ट्रोफी’ एकावरच चाले. आणि १९६८ पासून ट्रोफीला जो ३० मिलिमीटरचा ॲमल ‘कॉन्सेंट्रिक’ एकटा पुरत असे, त्याच मापाचे दोन बॉनव्हिलला लागत. दोन सिलिंडरांसाठी दुप्पट मोठे तोंड लागेल हा समज या एका नोंदीनेच निकालात निघतो.

बदल करणाऱ्याचे खरे कौशल्य मॅनिफोल्डमध्ये दिसते. बॉनव्हिलच्या हेडमधील दोन्ही वाटा एकमेकींपासून फाकलेल्या असल्याने त्यांना जोडणारी दुहेरी नळी लांबीला, वळणाला आणि आतील गुळगुळीतपणाला दोन्ही बाजूंस सारखी हवी. अन्यथा भिंतीला चिकटून वाहणारे ओले पेट्रोल एका सिलिंडरास अधिक मिळते आणि दुसरा उपाशी राहतो. मुख्य जेटही जुन्या दोहोंवरून अंदाजाने न घेता नव्याने ठरवावा लागतो: भरवेगात गाडी चालवून, तत्क्षणी इंजिन बंद करून, दोन्ही स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहावा, आणि तो दोहोंवर एकसारखा फिकट तपकिरी येईपर्यंत जेट बदलीत जावे. उतरविलेले जुने कार्ब्युरेटर मात्र तेल लावून, त्यांच्या जेटांसह जपून ठेवावेत, आणि हेडवर कानस मुळीच चालवू नये. पुढच्या मालकास दोन्हींपैकी हवी ती रचना निवडता आली पाहिजे.