भोपळा मिळाला म्हणजे पास

परीक्षेत शून्य गुण मिळाले की आपण म्हणतो, भोपळा मिळाला. संगणकाच्या जगात मात्र एक जुनी रीत अशी आहे की जिथे भोपळा मिळवणारा पास होतो.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. युनिक्समध्ये प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम फत्ते, बाकी कोणताही आकडा म्हणजे काहीतरी वेगळे घडले. हे सोयीचेही आहे. काम झाले, एवढे सांगायला एक आकडा पुरतो. न होण्याची कारणे मात्र अनेक असतात.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यातली 'इफ'ची अट या आकड्यावरच चालते. त्या आवृत्तीतली 'ट्रू' ही कमांड म्हणजे चक्क एक रिकामी फाइल होती. काही केलेच नाही, तर चुकणार काय? उत्तर शून्य!

पण आकडा नीट वाचावा लागतो. मजकूर शोधणारी 'ग्रेप' शब्द सापडला तर ० देते, सापडला नाही तर १ आणि शोधतानाच अडचण आली तर २. 'सापडले नाही' आणि 'शोधताच आले नाही' या दोन वेगळ्या खबरा आहेत.

आकड्याला जागा आठ बिटांची, म्हणजे ० ते २५५. बॅशमध्ये स्क्रिप्टने २५६ सांगितले, तर त्याचे पुन्हा शून्य होते. कमांड पाइपने जोडल्या तर साधारणपणे शेवटच्या कमांडचाच आकडा हाती येतो. मी स्वतः यात फसलो आहे. गुणांची यादी वाचणारी पहिली कमांड पडली, तिच्या पुढची दाबून ठेवणारी कमांड पास झाली. मी निर्धास्त राहिलो आणि हातात रिकामी प्रत आली.

तेव्हापासून नवी स्क्रिप्ट वापरण्याआधी मी तिला मुद्दाम नापास करून पाहतो. नसलेल्या फाइलचे नाव देतो, पहिल्या कमांडच्या जागी 'फॉल्स' ठेवतो आणि आकडा तपासतो. बॅशमध्ये 'पाइपफेल' हा पर्याय लावला की मधली चूक झाकली जात नाही.

नापास झालेला विद्यार्थी सुधारता येतो. पण नापास असून पास दाखवलेल्याकडे कुणी पुन्हा वळून पाहत नाही.