रिपोर्टातल्या चार ओळी

स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली की पहिला रिपोर्ट सांगतो, गाठ कर्करोगाची आहे की नाही. काही दिवसांनी दुसरा कागद हातात येतो. त्यावर चार नावं असतात: ईआर, पीआर, हर-टू-न्यू, केआय-६७. पुढे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह किंवा टक्केवारी. ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. खरं तर ईआरपुढे तो शब्द असणं ही बरी बातमी. गाठीतल्या या प्रथिनांवरून आजार पुढे कसा वागेल आणि कोणतं औषध लागू पडेल, याचा अंदाज बांधतात.

या कागदाचं मूळ शोधत गेलं, तर स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांपाशी पोचतो. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन तरुणपणी एका रुग्णाच्या देखभालीसाठी पश्चिम स्कॉटलंडमध्ये राहिले होते. शेजारी मेंढ्यांचा फार्म होता. कोकरं दूध सोडतात तेव्हा मेंढीच्या शरीरात काय होतं ते पाहून त्यांनी प्रबंधासाठी दुधाचा विषय निवडला. गायीचं दूध आटू नये म्हणून काही शेतकरी तिचे बीजकोश काढतात, हेही त्यांना कळलं. म्हणजे इतक्या दूरच्या बीजकोशाची हुकमत स्तनावर चालते. हार्मोन हा शब्दही तेव्हा रूढ झाला नव्हता. १८९५ साली त्यांनी स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या बाईचे बीजकोश काढले. आठ महिन्यांनी तिच्या छातीवरच्या गाठी दिसेनाशा झाल्या होत्या. १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

मग इतरांनीही ही शस्त्रक्रिया करून पाहिली. १९०० सालापर्यंत हिशेब लागला की साधारण तीनातल्या एकीला गुण येतो. उरलेल्या दोघींचं पोट फाडलं जायचं आणि पदरात काहीच पडायचं नाही. पुढे १९५१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया आणखी मोठी, पण गुण येण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही. गुण येणारी ‘ती एक’ कोण, हे आधी ओळखायचं कसं? हा प्रश्न सत्तर वर्षं तसाच पडून होता. माझ्या मते त्या दुसऱ्या रिपोर्टाचा जन्म या प्रश्नातून झाला.

उत्तर सापडलं ते शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञाला. इस्ट्रोजेन पेशीत शिरून स्वतः बदलतं, त्या रासायनिक उलाढालीतूनच पेशी वाढते, असं तेव्हा बहुतेकजण मानत. जेन्सन यांनी प्रश्न उलटा विचारला: हार्मोन ऊतीचं काय करतं ते सोडा, ऊती हार्मोनचं काय करते? सहकारी हर्बर्ट जेकबसन यांच्याबरोबर त्यांनी ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन इस्ट्रोजेनच्या रेणूत बसवला आणि तो अगदी कमी मात्रेत उंदरीच्या पिल्लांना टोचला. रक्तातून आणि स्नायूंतून तो लवकरच ओसरला. गर्भाशयात मात्र टिकून राहिला, तोही जसाच्या तसा. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, रिपोर्टातलं ईआर. १९५८ साली व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा ऐकायला पाचेक माणसं होती. त्याच वेळी दुसऱ्या दालनात जुन्या सिद्धान्तावरच्या चर्चेला तुडुंब गर्दी.

जेन्सन मग स्तनाच्या गाठींकडे वळले. ज्या गाठीत रिसेप्टर नाही, तिच्यावर ग्रंथी काढण्याचा उपयोग क्वचितच होतो, हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. १९७४ साली बेथेस्डा इथे अनेक केंद्रांनी आपापले आकडे एकत्र मांडले: रिसेप्टर असेल तर निम्म्याहून अधिक जणींना गुण, नसेल तर दहांतल्या एकीलाही कठीण. टॅमॉक्सिफेन ही गोळी नुकतीच वापरात आली होती. मुळात संततिनियमनासाठी शोधलेलं ते औषध आता कोणाला द्यायचं ते कळू लागलं. पुढच्याच वर्षी कॅथरिन हॉरविट्झ आणि विल्यम मॅकग्वायर यांनी प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरची, म्हणजे पीआरची, जोड सुचवली. इस्ट्रोजेनचा हुकूम पेशी खरोखर पाळते का, हे त्यावरून जोखता येतं.

तपासणी मात्र अवघड होती. काढलेली गाठ लगेच गोठवायची, मग तिची पूड करून ती ट्रिशियमवालं इस्ट्रोजेन किती धरते ते किरणोत्सारावरून मोजायचं. लहान गाठ त्यात पुरायची नाही. १९८० साली जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी रिसेप्टरला नेमकं चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार केली आणि हळूहळू हे काम काचपट्टीवर आलं. रिसेप्टर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. १९९१ साली शान-रोंग शी यांनी काचपट्टी मायक्रोवेव्हमध्ये उकळायची युक्ती दाखवली आणि गाठ टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनने झाकोळलेली प्रथिनं पुन्हा उघडी पडू लागली. गावाकडचे नातेवाईक परळच्या टाटा रुग्णालयात पिशवीतून गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक घेऊन येतात. त्या ब्लॉकवरून हा रिपोर्ट निघतो तो या युक्तीच्या बळावर.

केआय-६७चं कूळ छोटंसं आहे. ‘केआय’ म्हणजे जर्मनीतलं कील शहर आणि ६७ हा तिथल्या प्रयोगशाळेतल्या ९६ खळग्यांच्या ताटलीतल्या एका खळग्याचा क्रमांक. १९८३ साली योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांना त्या खळग्यात अशी अँटिबॉडी मिळाली, जी फक्त विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशी रंगवते.

हर-टू-न्यूतलं ‘न्यू’ ऐकून ही काही नवी तपासणी असावी, असं वाटतं. पण ते उंदराच्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीवरून आलेलं एका जनुकाचं नाव. एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ते जनुक त्या गाठीत सापडलं. ‘हर’ हे मानवी जनुक शोधणाऱ्यांनी ठेवलेलं. दोन्ही एकच निघाली आणि माहेर-सासरची आडनावं जोडून लावावीत तशी नावं जोडली गेली. १९८७ साली डेनिस स्लेमन यांनी १८९ गाठी तपासल्या. या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. तेव्हा हर-टू पॉझिटिव्ह हे अशुभ होतं. त्या जनुकाच्या प्रथिनाला जाऊन चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्या शब्दाचं वजन पालटलं: वैऱ्याचा ठावठिकाणा कळला होता आणि त्याच्यासाठीचं हत्यार हाती होतं.

हर-टूचा रंग शून्य ते तीन प्लस असा मोजतात. एक प्लस म्हणजे सरळ निगेटिव्ह, असं वर्षानुवर्षं चालत आलं. २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध पसरलेल्या आजारात अशा फिकट रंगाच्या गाठींवरही काम करतं, असं दिसलं. तेव्हापासून पॅथॉलॉजिस्ट जुन्या निगेटिव्ह काचपट्ट्या कपाटातून काढून पुन्हा पाहू लागले आहेत, कडेला कुठे फिकट तपकिरी रेघ उमटली आहे का म्हणून.