नारिंगी रेषेची ओळख

इ. स. १८६८ च्या १८ ऑगस्ट रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया दक्षिण महाराष्ट्रावरून पूर्वेकडे सरकली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शल वर्णपटदर्शक रोखून बसला होता. ढगांनीं त्याची परीक्षा पाहिली. तरी सूर्याच्या कडेवरील ज्वाळेंत तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा त्यास दिसल्या. नारिंगी रेषा सोडियमचीच, असें त्यानें कळविलें. मात्र हें विधान यंत्राच्या कुवतीपुरतें आहे, अशी पुस्तीही जोडली.

ती पुस्ती मोलाची ठरली. २० ऑक्टोबरला इंग्लंडांत नॉर्मन लॉकियरनें ग्रहणावांचून त्याच ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि ही रेषा निराळी असल्याचें पुढें ठरलें. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. एवढ्याशा अंतरांत हेलियम हें मूलद्रव्य दडलें होतें! पृथ्वीवर तें रॅम्झेला १८९५ सालीं सांपडलें.

आज डोळ्याची जागा फोटोडायोडांच्या रांगेनें घेतली आहे. १९० ते ८०० नॅनोमीटरांचा वर्णपट १०२४ डायोडांवर पसरला, तर प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ०.६ नॅनोमीटर येतो. परंतु प्रकाश आंत घेणारी फट रुंद असून प्रत्येक रेषा चार नॅनोमीटर फैलावली, तर सोडियम व हेलियम यांच्या रेषा एकच भासतील. डायोड दुप्पट केले, तर त्याच धूसर पट्ट्याचीं टिपणें दुप्पट होतील. रेषा विलग होणार नाहींत. मोजपट्टीवर खुणा वाढविल्यानें दृष्टि तीक्ष्ण होत नाहीं. यंत्राची कुवत सांगितल्यावांचून मोजमाप पुरें होत नाहीं, हें जमखंडीच्या निरीक्षकानें ओळखलें होतें.