इटियाडोह परिसरात घरात टॉवर येत नाही? सिग्नल बूस्टर मागवण्याआधी हे वाचा

अंगणात मोबाईलला तीन कांड्या, दाराच्या आत पाऊल टाकलं की 'नो सर्व्हिस'. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या आसपासच्या गावांसारख्या डोंगर-जंगलाच्या भागात ही तक्रार जुनीच आहे. आधी प्रश्न फक्त बोलण्याचा होता. आता बँकेचा ओटीपी, ई-पीक पाहणीची नोंद, रेशनची आणि लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सगळंच मोबाईलवर आलं आहे. ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो. तेवढ्या वेळात फोन घेऊन रस्त्यावर धावावं लागत असेल, तर काम अडतं.

मग कुणीतरी सांगतं, ऑनलाइन 'मोबाईल सिग्नल बूस्टर' मिळतो. काही हजारांत पेटी, बाहेरचा अँटेना, आतला अँटेना आणि वायर. लावला की काम झालं. पण भारतात सामान्य माणसाने असा बूस्टर बाळगणंच बेकायदेशीर आहे.

घरात सिग्नल का मरतो?

इटियाडोह धरण गोठणगावजवळ गाढवी नदीवर आहे. ते १९७० मध्ये बांधून झालं. धरणासाठी टेकड्यांमधली जागा निवडतात, आणि पाणी अडवायला सोयीची तीच जागा मोबाईलच्या लहरींना गैरसोयीची ठरते. टॉवर आणि गाव यांच्यामध्ये टेकडी आली की गाव तिच्या सावलीत जातं. जलाशयाच्या पाण्यावरून मात्र लहरी बिनअडथळा जातात. त्यामुळे धरणाच्या काठावर फोन छान चालतो आणि थोडं खाली उतरलं की बंद पडतो, असं होऊ शकतं.

त्यात नवेगावच्या बाजूचं जंगल. पानं लहरी शोषतात आणि ओली पानं जास्त शोषतात. पावसाळ्यात नेटवर्क 'उतरतं' असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

शेवटचा अडथळा घराचा. मातीची जाड भिंत सिग्नल बराच कमी करते, सिमेंटचा स्लॅब त्याहून जास्त. टिनाचे पत्रे तर लहरी परतच पाठवतात. कवेलूचं छप्पर काढून पत्रे टाकल्यावर घरातलं नेटवर्क गेलं, तर दोष कंपनीचा नसून पत्र्यांचा असण्याची शक्यता मोठी आहे.

कांड्यांवर विसंबू नका

किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिम स्टेटस उघडलं की बहुतेक फोनवर तो दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीला उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली कॉल तुटणारच. दहाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात ठेवा. बाहेर उणे ९५ आणि आत उणे ११५ असेल, तर घराने सिग्नलचा शंभरातला एकच भाग आत येऊ दिला.

हे मोजमाप अंगणात, गच्चीवर किंवा माळ्यावर आणि प्रत्येक खोलीत करून कागदावर लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर अवलंबून आहे. अंगणातच उणे १२० असेल तर जगातला कोणताही बूस्टर उपयोगाचा नाही, कारण तो आहे तोच सिग्नल मोठा करतो, नवा तयार करत नाही.

बूस्टर बेकायदेशीर का?

वायरलेस यंत्र परवान्याशिवाय बाळगायला १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यानेच मनाई केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणासाठी अधिकृत परवानगीचं तत्त्व आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये सूचना काढून स्पष्ट केलं, की परवानाधारक दूरसंचार कंपन्या सोडून इतर कुणीही मोबाईल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे.

'मग ऑनलाइन विकतात कसे?' हा प्रश्न रास्त आहे. विक्रीला असणं म्हणजे कायदेशीर असणं नव्हे, एवढंच त्याचं उत्तर. वॉकी-टॉकीच्या अशाच विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या.

कायदा एवढा कडक का, हे लाऊडस्पीकरवरून समजेल. माईक स्पीकरच्या समोर गेला की कर्कश शिट्टी वाजते. बूस्टरचा बाहेरचा आणि आतला अँटेना जवळजवळ असले की तेच होतं, फक्त ती शिट्टी माणसाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. टॉवर दूरदूरच्या फोनचे अगदी क्षीण आवाज ऐकत असतो. त्याच्या कानाशी सतत गोंगाट सुरू झाला, की सगळ्यात लांबच्या घरांचे कॉल आधी तुटतात. शहरात एक टॉवर बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो. जिथे दोन-तीन गावं मिळून एकच टॉवर आहे, तिथे एका घरातली पेटी सगळ्यांचं नेटवर्क खराब करू शकते. आणि ज्याच्या घरी ती आहे, त्याच्या फोनवर मात्र कांड्या पूर्ण दिसतात!

एक गोंधळ टाळा. वाय-फाय रिपीटर किंवा एक्स्टेंडर ही वेगळी वस्तू आहे. तो घरातलं वाय-फाय पुढच्या खोलीत नेतो, मोबाईल कंपनीच्या लहरींना हात लावत नाही. तो वापरायला हरकत नाही. फोनच्या मागे चिकटवायचे 'सिग्नल वाढवणारे' स्टिकर बेकायदेशीर नाहीत, निरुपयोगी आहेत.

मग घरात नेटवर्क आणायचं कसं?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. त्यात घरातल्या इंटरनेटवरून नेहमीच्याच नंबरवर साधा कॉल येतो-जातो, आणि अनेक फोनवर एसएमएसही. समोरच्याकडे वेगळं ॲप लागत नाही. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. फोनच्या सिम किंवा कॉल सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' शोधा आणि चालू करा. जुन्या, स्वस्त फोनवर हा पर्याय नसतो.

यासाठी घरात इंटरनेट हवं. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेली आणि चालू असेल, तर घरी जोडणी मिळते का हे आधी विचारा. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून राउटरसाठीचा छोटा यूपीएस सोबत घ्यावा. नाहीतर वादळाच्या रात्री, नेमकी गरज असताना, फोन मुका होतो.

फायबर नसेल पण गच्चीवर बऱ्यापैकी सिग्नल असेल, तर सिमकार्डचा फोरजी राउटर हा दुसरा मार्ग. बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला, भारतात मान्यता असलेला राउटर घ्यायचा, अँटेना उंचावर टॉवरच्या दिशेने लावायचा आणि घरात वाय-फाय वापरायचं. बूस्टरमध्ये आणि यात फरक हा, की राउटर स्वतःच एक ग्राहक असतो, फोनसारखा. तो कंपनीच्या लहरी मोठ्या करून परत फेकत नाही. अँटेना पत्र्यापासून दूर ठेवा. वायर शक्य तितकी आखूड घ्या, कारण लांब वायरमध्ये मिळवलेला सिग्नल वाटेतच जातो. अँटेना जरासा फिरवून थोडं थांबा, आकडा पाहा, मग पुन्हा फिरवा. आणि पूर्व विदर्भात विजा किती पडतात हे सांगायला नको. उंच अँटेनाला अर्थिंग हवंच, ढग गडगडू लागले की वायर काढून ठेवा.

सिम बदलून पाहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण लोक तो शेवटी करतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी १८०० किंवा २३०० च्या लहरींपेक्षा लांब जातात आणि भिंतीतूनही जास्त शिरतात. कोणत्या कंपनीच्या त्या लहरी तुमच्या गावापर्यंत पोचतात, हे शेजाऱ्याचा फोन घरात आणून आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात, सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर दिसतात. पण नकाशा घराबाहेरचा असतो, पत्र्याखालचा नाही.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या १९८ क्रमांकावर. तक्रार क्रमांक लिहून घ्या, कागदावरचे डीबीएमचे आकडे सांगा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्यानंतर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

घराबाहेरही सिग्नल नसेल तर प्रश्न घराचा उरत नाही, गावाचा होतो. अशा वेळी ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि कंपन्यांकडे पाठवावा. केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची फोरजी योजना मंजूर केली आहे. शिवाय 'डिजिटल भारत निधी'तून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरण्याची सोय सुरू झाली. त्यामुळे गावाजवळचा टॉवर दुसऱ्या कंपनीचा असला, तरी तो या निधीतला आहे का, हे विचारून पाहावं.

तोपर्यंत एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आपल्या सिमला नेटवर्क नसेल, पण फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल, तर जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर आहे आणि ११२ लावता येतो. १०८ तसाच लागेल असं मात्र धरून चालू नका.