परिसर अभ्यास आणि मुलांच्या हातातला कॅमेरा : ही पद्धत नेमकी काय आहे?

१९७३ साली दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात साक्षरता मोहीम सुरू होती. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल त्यात काम करत होते. या मोहिमेत लोकांना कॅमेरे देऊन प्रश्न विचारले जात आणि उत्तर फोटोतून द्यायचं असे. 'शोषण म्हणजे काय?' या प्रश्नाला एका मुलाने भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही उलगडेना, पण बाकीच्या मुलांना तो लगेच पटला. ही मुलं लिमा शहरात बूटपॉलिश करायची आणि राहायची लांबच्या वस्तीत. जड पेटी रोज घरी नेणं झेपत नसे, म्हणून ती कुणाच्या तरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवावी लागे. त्या एका खिळ्याचं भाडं भरावं लागायचं!

बोआल यांनी नोंदवलेला हा प्रसंग विद्यार्थी-छायाचित्रणाची पद्धत समजावून सांगायला पुरेसा आहे. नुसता खिळ्याचा फोटो काहीच सांगत नाही. तो का काढला, हे मूल सांगतं तेव्हा एका शहराचं अर्थकारण समोर येतं. म्हणून या पद्धतीत फोटो काढणं हा निम्माच भाग. त्यावर बोलणं आणि लिहिणं हा उरलेला.

केंटकीतली गोष्ट

शाळेत हे कसं करता येतं, याचं सर्वांत माहितीचं उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या लेचर काउंटीतलं आहे. हा कोळसाखाणींचा डोंगराळ भाग. १९६० च्या दशकात अमेरिकी सरकारने गरिबीविरोधी मोहीम जाहीर केली आणि इथे बाहेरच्या पत्रकारांची, कॅमेऱ्यांची रीघ लागली. पडकी घरं, मळलेली मुलं, एवढंच देशाला दिसत राहिलं. स्थानिकांच्या मनात राग साचला. सप्टेंबर १९६७ मध्ये ह्यू ओ'कॉनर हे कॅनडाचे चित्रपटकार एका खाणकामगाराचं चित्रण करत होते. कामगाराची परवानगी होती, पण ज्याच्या भाड्याच्या घरात तो राहत होता त्या घरमालकाने, होबार्ट आयसनने, त्यांना गोळी घालून ठार केलं. आयसनला १० वर्षांची शिक्षा झाली, पण तो वर्षभरातच सुटला. गावातल्या अनेकांची सहानुभूती त्याच्याच बाजूने होती.

याच काउंटीत १९७० च्या दशकाच्या मध्यात वेंडी इवाल्ड ही तरुण छायाचित्रकार आली. तिने स्वतः गावाचे फोटो काढण्यावर न थांबता शाळकरी मुलांना साधे कोडॅक इन्स्टामॅटिक कॅमेरे वापरायला आणि फोटो धुवायला शिकवलं. विषय चारच : मी, माझं कुटुंब, माझे प्राणी आणि माझी स्वप्नं. मुलांच्या फोटोत गरिबी होती, पण तिच्याशेजारी आजी, कुत्रे, शिकार, खोड्या आणि भुतंखेतंही होती. १९८५ मध्ये 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' या पुस्तकात हे काम प्रसिद्ध झालं. पुढे इवाल्ड यांनी ड्यूक विद्यापीठाच्या मदतीने डरहॅम शहरातल्या शाळांमध्ये ही पद्धत नेली. तिथल्या विषयांत 'माझा परिसर' हाही होता.

फोटोनंतर काय विचारायचं?

चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी ग्रामीण महिलांना कॅमेरे दिले. या पद्धतीला 'फोटोव्हॉइस' म्हणतात. त्यातले प्रश्न वर्गात जसेच्या तसे चालतात : इथे काय दिसतं? खरं काय घडतंय? आपल्या जगण्याशी याचा संबंध काय? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? बहुतेक उपक्रम पहिल्या प्रश्नापाशीच संपतात, कारण फोटो फळ्याशेजारी लागले की प्रदर्शन झालं असं वाटतं. खरं काम चौथ्या प्रश्नावर सुरू होतं.

महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना 'परिसर अभ्यास' हा विषयच आहे आणि आता फोन बहुतेक घरांत असतो. 'पाणी' हा विषय दिला तर मुलं आधी हापसा किंवा टाकीचा फोटो आणतील. 'पाणी आणायला कोण जातं, किती वाजता?' असं विचारलं की फोटो बदलतात. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर कुलूप लागलेल्या घरांचे फोटो ऊसतोडीच्या स्थलांतरावरचा अख्खा धडा उघडू शकतात. प्रत्येकाला मोजकेच, समजा पाच, फोटो काढायची मुभा द्यावी. रीळ महाग होतं तेव्हा निवड आपोआप व्हायची. फोनवर ती मुद्दाम करावी लागते.

केंटकीचा अनुभव इथे परवानगीबाबतही उपयोगी पडतो. ज्याचा फोटो आहे त्याला काढण्याआधी विचारायचं, आणि प्रत छापून आधी त्यालाच दाखवायची. त्याने 'नको' म्हटलं तर फोटो वर्गातही लावायचा नाही. मुलांचे चेहरे, घराचा पत्ता ओळखू येणारे फोटो आणि फोनमध्ये आपोआप नोंदलं जाणारं ठिकाण हे व्हॉट्सॲप ग्रुप किंवा इन्स्टाग्रामवर जाता कामा नये. आणि कुलूप लागलेल्या घराचा फोटो असेल, तर ते कुटुंब परत येईपर्यंत थांबून आधी त्यांना विचारावं.